परमुलखांतला राखणदार

फुटबॉलच्या मैदानावर गोल करणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. गोल होऊं न देणाऱ्याचें मात्र सामना संपतांच लोक विसरतात. अशा खेळाडूनें स्वदेश सोडून परमुलखांत केवळ चेंडू अडविण्याच्या कसबावर उपजीविका करावी, ही गोष्ट म्हणूनच थोडी नवलाची वाटते. स्वीडनच्या बेंग्ट गुस्ताव्हसन याची कारकीर्द या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

स्वीडनमध्यें १९६७ पर्यंत हौशी खेळाचा दंडक होता. खेळाडूनें पोटासाठीं दुसरा व्यवसाय करावा आणि खेळाबद्दल वेतन मागूं नये, असा त्याचा अर्थ. इटलींतील संघ मात्र खेळाडूंना उघडपणें वेतन देऊन बाळगीत. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें स्वीडननें सुवर्णपदक जिंकलें, तेव्हां इटलीचें लक्ष तिकडे वळलें. गुन्नर नॉर्डाल, गुन्नर ग्रेन व निल्स लीडहोल्म हे तिघे १९४९ मध्यें मिलानच्या संघांत गेले. त्यांना पैसा मिळाला, कीर्तिही मिळाली. पण धंदेवाईक ठरल्यामुळें राष्ट्रीय संघाचें दार त्यांना बंद झालें. १९५० च्या जागतिक स्पर्धेंत स्वीडन तिसरें आलें, त्यानंतर आणखी कांहीं खेळाडू इटलीस गेले, आणि १९५४ च्या स्पर्धेस तर स्वीडन पात्रच ठरलें नाहीं.

गुस्ताव्हसनचा जन्म १९२८ चा. नॉर्शेपिंग या कापडगिरण्यांच्या शहरांतील ज्या संघांतून नॉर्डाल व लीडहोल्म गेले, त्याच संघाचा तो खेळाडू. १९५६ मध्यें तो उत्तर इटलींतील बर्गामो शहराच्या अतालांता संघांत दाखल झाला. इटलीचे संघ स्वीडनमधून बहुधा आघाडीचे खेळाडू नेत. हा मात्र बचावाच्या मध्यभागीं खेळणारा. आघाडीच्या गड्यास परकी भाषा आली नाहीं तरी त्याचे पाय बोलतात. बचाव करणारास शेजारच्या गड्यास पदोपदीं हांक देऊन सावध करावें लागतें, आणि एक चूक झाली कीं तिची भरपाई करावयास मागें गोलरक्षकाखेरीज कोणी नसतें.

१९५८ ची जागतिक स्पर्धा स्वीडनमध्येंच भरली. त्या वेळीं संघटनेनें जुना हट्ट सोडला व परदेशांतील खेळाडूंस परत बोलाविलें. लीडहोल्म कर्णधार झाला. बचावाचा मध्य गुस्ताव्हसननें संभाळला. स्वीडन अंतिम सामन्यापर्यंत पोंचलें. २९ जून रोजीं स्टॉकहोमजवळील रोसुंदा मैदानावर लीडहोल्मनें चौथ्याच मिनिटास गोल केला. परंतु पुढें ब्राझीलनें ५-२ असा विजय मिळविला. सतरा वर्षांच्या पेलेनें चेंडू छातीवर घेतला, गुस्ताव्हसनच्या डोक्यावरून अलगद पलीकडे टाकला आणि जमिनीस लागण्यापूर्वींच तो जाळ्यांत मारला. तो गोल जगभर पुनःपुन्हां दाखविला गेला, आणि ज्याच्या डोक्यावरून चेंडू गेला तो खेळाडूही त्याबरोबर चित्रांत राहिला.

त्यानंतरचा हंगाम फारसा कोणाच्या लक्षांत नाहीं. अतालांतास त्याच वर्षीं दुसऱ्या श्रेणींत उतरावें लागलें होतें. जागतिक अंतिम सामना खेळून आलेला हा गडी बर्गामोस परतला व खालच्या श्रेणींत खेळूं लागला. १९५८-५९ मध्यें अतालांता त्या श्रेणींत पहिला येऊन पुन्हां वर चढला. गुस्ताव्हसन तेथें १९६१ पर्यंत राहिला. त्या पांच वर्षांत त्यानें किती गोल टाळले, याची नोंद कोणत्याही कोष्टकांत सांपडत नाहीं. संघानें त्याला ठेवून घेतलें, हीच काय ती त्याची पावती.