यशवंतपूर ते लातूर: निधीच्या वाटेवरची गावे

बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकाच्या फलाटावर आजूबाजूला कानडी, तेलुगू, हिंदी चालू असते. मध्येच कोणीतरी मोठ्याने म्हणते, "अगं, पिशवी धर की!" आणि लातूरची गाडी लागायची वेळ झाली हे कळते. आयटीतली पोरे, पीण्या औद्योगिक भागातल्या कारखान्यांतले कामगार, लेकीच्या बाळंतपणाला येऊन परतणाऱ्या आया, सगळे त्या एका गाडीला. बिदर, उदगीर, लातूर रोड करत ती आम्हाला गावी नेऊन सोडते. दर खेपेला गावात एक नवी कोनशिला दिसते. पेठ मात्र आणखी थोडी ओस पडलेली असते. इतका निधी आला, मग झाले काय, हा हिशेब मी बरीच वर्षे या प्रवासात मांडतो आहे.

लातूरची गंजगोलाई ज्याने पाहिली आहे, त्याला पेठ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. निजामाच्या राजवटीतली ही गोल बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचे देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सराफी, कुठे चपला, कुठे मिरची नि गूळ. तीही सरकारी आखणीच होती, सुशोभीकरण मात्र नव्हते. माल कुठून येईल, गाड्या कुठे थांबतील, गिऱ्हाईक कुठून शिरेल, हे आधी ठरले आणि दगड त्यानंतर बसले.

पुढच्या योजनांत हा क्रम उलटला. 1979 साली केंद्राने लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना आणली. कल्पना चांगली होती: केंद्राचे कर्ज, राज्याचा वाटा, त्यातून नगरपालिकेने गाळे बांधायचे, भाड्यातून कर्ज फेडायचे आणि तोच पैसा पुन्हा गावात फिरवायचा. माझ्या पाहण्यातल्या एका तालुक्याच्या गावी हे 'व्यापारी संकुल' उभे राहिले. पुढच्या रांगेतले गाळे लिलावात गेले, मागच्या रांगेचे शटर वर्षानुवर्षे खाली. जिन्याखाली काय चालते ते विचारू नये. भाजीवाल्या जिथे आधी बसत होत्या तिथेच, फक्त आता संकुलाच्या सावलीत. निदान सावली तरी मिळाली म्हणायची. 2005 साली ही योजना नव्या योजनेत विलीन झाली. त्या योजनेत केंद्राचे 80 टक्के आणि राज्य व पालिकेचे दहा-दहा. बाजारापेक्षा पाइप, गटार, रस्ता यांना पैसा मिळू लागला. ते हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही.

खरा घाव त्याआधीच, 1999 साली बसला होता. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सहायक अनुदान सुरू झाले. जकात नाक्यावरची खाबूगिरी मी पाहिली आहे, ती गेल्याचे दुःख नाही. पण जकातीमुळे पालिकेचे पोट पेठेच्या उलाढालीवर चाले. बाजार वाढला की तिजोरी वाढे. अनुदान आल्यावर बाजार चालो न चालो, पालिकेचे अडेनासे झाले. मुख्याधिकाऱ्यांची नजर पेठेवरून उठून मंत्रालयाकडे लागली. जकात नाका हे नाव मात्र बसथांब्यांना चिकटून राहिले.

खेड्यांचा हिशेब मांडायचा तर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपासून मांडावा लागतो. किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने गावे उभारण्याचे जे काम झाले, त्याची दोन रूपे होती. बावन्न गावे नव्या जागी हलवली. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवरून ठरले: 250, 400 आणि 750 चौरस फूट. चौकटीत आखलेले रुंद रस्ते, सगळे नीट. पण गाव इतके पसरले की दिवाबत्ती आणि पाणी ग्रामपंचायतीला झेपेना. पार आणि वाड्यांची दाटी तर गेलीच. दुसरीकडे, ज्या गावांत घरे उभी होती पण तडकली होती, तिथे पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यात गेला. अशी सुमारे दोन लाख घरे लोकांनी स्वतः गवंडी लावून, स्वतः देखरेख करून सावरली. कंत्राटदाराने बांधलेल्या घराला लोक अजून 'सरकारी घर' म्हणतात. दुरुस्त केलेल्या घराला कोणी तसे म्हणत नाही.

तोच धागा पुढे आर. आर. पाटलांनी पकडला, असे मला वाटते. 2000 साली ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात अनुदान आधी नव्हते. आधी झाडू, मग तपासणी, मग बक्षीस, तेही तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी. ज्या गावांना बक्षीस मिळाले नाही, तीही झाडली गेलीच. नवसाच्या जत्रेसारखा उत्साह होता, आणि जत्रा उठल्यावर बऱ्याच ठिकाणी उकिरडे परत आले हेही खरे. तरी केंद्राने निर्मल ग्राम पुरस्कार आणला तो हेच पाहून. 2017 साली सातारा जिल्ह्यातले भिलार 'पुस्तकांचे गाव' झाले, तेव्हाही सरकारने इमारत बांधली नाही. गावकऱ्यांनी आपापल्या घरातली जागा पुस्तकांना दिली.

2015 पासून चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. देशभर पाच वर्षांत दोन लाख कोटींहून अधिक! सरपंचपदाला किंमत आली, भाव चढला म्हणा. पंधराव्या आयोगाने त्याला दावे लावले: साठ टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठीच, उरलेला अबंधित. आता ग्रामसभेत 'बंधितमधून बसतंय का?' हा प्रश्न आधी येतो आणि गरज कशाची, हा नंतर. त्यात 2022 पासून जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांवर प्रशासक बसले. नगरपालिकांच्या निवडणुका 2025 च्या अखेरीस झाल्या. मधली वर्षे पेव्हर ब्लॉकचा रंग कोणता असावा हेसुद्धा गावाला कोणी विचारले नाही.

परतीची गाडी पहाटे यशवंतपूरला लागते. हेही एके काळचे गावच, शहराने गिळलेले. महाराष्ट्रातला कांदा उतरतो ते इथले मार्केट यार्ड, 1 मार्च 2014 पासूनची मेट्रो, आणि आता स्थानकाचा पुनर्विकास. रेल्वेच्या कामात नगरसेवकाला विचारायचे नसते हे मला कळते. पण स्थानकाबाहेरचा पदपथ, रिक्षांची रांग, फुलवाल्यांच्या टोपल्या हा सगळा पालिकेचाच प्रांत. बंगळूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. 2025 साली महापालिकाच मोडून तिच्या पाच महापालिका केल्या गेल्या. तोवर निवडणूक झाली नव्हती. 20 जून 2022 रोजी इथे सुमारे 375 कोटींच्या कामाची पायाभरणी झाली, तेव्हा यशवंतपूरला नगरसेवक नव्हता.