बोटापलीकडे पाहणे

मूल बोलू लागण्याआधी बोट दाखवू लागते. वर्षाच्या आसपास कडेवरचे बाळ छपरावरील कावळ्याकडे बोट करते आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे पाहते. कावळा त्याला हवा नसतो. ‘तूही पाहा’ एवढेच सांगावयाचे असते. स्वमग्न मुलांत नेमके हे दाखविणे बहुधा उशिरा येते, काहींत येतच नाही. मागणे मात्र येते: मोठ्या माणसाचे मनगट धरून त्याचा हात ती डब्यापर्यंत नेतात. मागण्याची खूण आणि दाखविण्याची खूण यांतील हा भेद सायमन बॅरन-कोहेन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये अभ्यासला.

दुसऱ्याची खूण उमगण्यातही हीच अडचण येते. आपण चंद्र दाखवावा, तर असे मूल कधी बोटाकडेच पाहत राहते. खूण क्षणात विरते, आणि तिचा अर्थ हाताइतकाच नजरेतही असतो. त्या दोहोंची सांगड त्याला जड जाते. मग वटारलेले डोळे न कळलेल्या मुलास आपण हट्टी ठरवितो. (‘स्वमग्न’ हा शब्दही थोडा फसवाच, यांतील कित्येकांना सोबत हवी असते.) कोणी त्यास बहिरे समजतात. वास्तविक बहिरे मूल शब्दांची उणीव हातवाऱ्यांनी भरून काढू पाहते. जे बोलत नाही आणि खुणाही करीत नाही, त्याचे कान तपासावेतच, पण तेथे थांबू नये.

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी हे प्रथम कोणाच्या ध्यानात येणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुले तपासावीत अशी योजना आहे, आणि तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. परंतु पथकापुढे मूल येते ते काही मिनिटे; सेविका त्यास रोज पाहते. दीड वर्षाचे मूल काही दाखविते काय, दाखविलेले पाहते काय, हे जाणण्यास उपकरण लागत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या दिलाशात मात्र शिकविण्याचा मोलाचा काळ निघून जातो.

कारण खुणा शिकविता येतात. वस्तूला बोट टेकवावे, सोबत एकच शब्द उच्चारावा आणि मुलाची नजर पोहोचेपर्यंत हात हलवू नये. चित्र खुणेसारखे विरत नाही, म्हणून तेही उपयोगी पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनमान्य शाळांवर अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश देण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा ती पहिलीच्या वर्गात येणारच. गुरुजींनी दुरून केलेली ‘बसा’ ही खूण इतरांना कळते. या एकाजवळ जाऊन, बाकावर हात ठेवून सांगावे लागते.