दरड कोसळण्याआधी डोंगरात काय घडतं?

पावसाळ्यात घाटमाथ्यावर आणि कोकणात गप्पांना सुरुवात होते ती पावसानेच. ‘काल किती लागला तुमच्याकडे?’ ‘रात्रभर झोडपलं.’ ‘आज जरा उघडीप दिसतेय.’ या बोलण्यात एक प्रश्न मात्र सहसा येत नाही: गेल्या आठ-दहा दिवसांत मिळून किती पडला? सह्याद्रीच्या उतारावर राहणाऱ्याच्या दृष्टीने कामाचा प्रश्न तोच आहे.

तारखाच पाहू. महाडजवळच्या जुई आणि दासगाववर दरडी आल्या त्या जुलै २००५ च्या शेवटच्या आठवड्यात. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं ३० जुलै २०१४ ला. महाड तालुक्यातलं तळीये २२ जुलै २०२१ ला आणि खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. म्हणजे पुनर्वसूची अखेर आणि पुष्य. आपल्या जुन्या बोलीत तरण्या पावसाचा शेवट आणि म्हातारा पाऊस. मृगाच्या पहिल्या सरींत अशा दरडी क्वचितच येतात. असं का होतं, हे समजण्यासाठी डोंगराच्या आतून सुरुवात करू.

आपला सह्याद्री ज्वालामुखीतून घडला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा, म्हणजे वितळलेला खडक, पुन्हापुन्हा बाहेर पडला, पसरला आणि थिजला. एकावर एक थर चढत गेले. त्यालाच आपण काळा कातळ किंवा बेसाल्ट म्हणतो.

उन्हेरे किंवा वज्रेश्वरीची गरम कुंडं पाहिली की ‘खाली ज्वालामुखी अजून जागा आहे’ असं कुणीतरी म्हणतंच. तसं नाही. खोल भेगांमधून उतरलेलं पावसाचं पाणी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं, इतकंच. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर आहे. सह्याद्रीतल्या माणसाने ज्वालामुखीची चिंता करू नये. त्या ज्वालामुखीने मागे ठेवलेल्या थरांकडे मात्र जरूर लक्ष द्यावं.

कारण हे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट आणि अभंग, काही लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. घाटरस्त्यासाठी कापलेल्या कड्यावर काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा दिसतो, तो पुढच्या वेळी नीट पाहा. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, तेवढ्यात वरचा भाग झिजून त्याची माती झाली, ती ही. पाणी सच्छिद्र थरातून खाली येतं, अशा चिकट पट्ट्यावर अडतं आणि आडवं वाहू लागतं. उतारावर मध्येच जिवंत झरा दिसतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

आता वरचं आवरण. कातळाच्या डोक्यावर हजारो वर्षांत झिजून झालेला मुरूम आणि माती असते. कड्यावरून सुटलेले धोंडेही त्यात मिसळलेले असतात. आपली घरं, शेतं आणि झाडं असतात ती या आवरणावर. माळीणसारख्या घटनांत खाली आलं ते मुख्यतः हेच: माती, मुरूम, दगड आणि पाणी यांचा लोंढा.

हे आवरण एरवी उतारावर टिकून राहतं, कारण मातीचे कण एकमेकांना घासून धरून असतात. पाऊस सुरू झाला की कणांमधल्या पोकळ्या भरू लागतात. जूनभर भरतात. त्या काठोकाठ भरल्या की आतलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागतं. याला रंध्रदाब म्हणतात, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांमधल्या पाण्याचा दाब. पकड सुटते आणि त्याच वेळी मातीचं वजनही वाढलेलं असतं. अशा उतारावर मग एक जोरदार दिवस पुरतो. जुलैच्या उत्तरार्धाचं कोडं ते एवढंच.

वजन किती, याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २०० मिलिमीटरच्या दिवशी एका गुंठ्यावर वीस हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंच वाहून जातं. पण वाहून जायची वाट बुजलेली असेल, तर ते मुरतं.

आणि वाट बुजवतो आपणच. घराच्या जोत्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापणं, रस्त्याचा राडारोडा ओहोळात लोटणं, वर शेत सपाट करताना पाण्याचा जुना मार्ग मोडणं. माळीणनंतर यंत्रांनी केलेल्या जमीन-सपाटीवर बरीच चर्चा झाली ती यामुळेच. पायथा कापला की वरच्या उताराचा आधार जातो. घरामागे नुसत्या मातीची उभी भिंत असेल, तर पावसाळ्यात त्या बाजूच्या खोलीत कुणी झोपू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

आता आपण काय मोजायचं ते पाहू. वर-खाली सारख्याच रुंदीचा, सरळ बाजूंचा, फूटभर खोल डबा घ्या. तो उघड्या जागी, घर आणि झाडांपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, दगडाच्या टेकूवर पक्का बसवा. सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, म्हणून आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो.

चुका इथेच होतात. बादली खाली निमुळती असते, तिच्यातला आकडा खोटा येतो. डबा पागोळ्यांखाली ठेवला जातो. जोराच्या दिवशी तो भरून वाहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून अशा दिवशी मध्येच मोजून, लिहून, ओतून टाकावं. २०२१ च्या त्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इतक्या पावसात फूटभर डबा एकदा मोजून पुरणार नाही.

खात्याच्या भाषेत दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. पण वहीत दिवसाच्या आकड्याशेजारी गेल्या तीन दिवसांची आणि दहा दिवसांची बेरीजही लिहा. रोज पन्नास-साठ मिलिमीटरचा पाऊस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण दहा दिवसांत तो पाचशेच्या पुढे जातो.

इशाऱ्यांचे रंग आपण सगळेच ऐकतो, पण त्यांचा अर्थ निसटतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हा इशारा जिल्ह्यासाठी असतो, आपल्या वाडीसाठी नव्हे. पुणे शहरात भुरभुर असते तेव्हा ताम्हिणीत आभाळ फाटलेलं असू शकतं. म्हणून इशाऱ्यात ‘घाट विभाग’ वेगळा दिला असेल तर तोच वाचावा. ‘मागच्या वेळी रेड अलर्ट होता, काहीच झालं नाही’ हे चहाच्या टपरीवरचं वाक्य फार घातक आहे. आपल्या वहीतली दहा दिवसांची बेरीज मोठी असेल, तर नारिंगी इशाराही लाल समजून वागावं.

यानंतर जमीन स्वतः सांगू लागते. उतारावर नवी भेग पडते. विजेचा खांब किंवा झाड कललेलं दिसतं. दारं अचानक चौकटीत अडकू लागतात. बांध फुगतो. कोरड्या जागी झरा फुटतो किंवा नेहमीचा नितळ झरा गढूळ होतो. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि मधलं अंतर सकाळ-संध्याकाळ मोजा. पाणी आत जाऊ नये म्हणून भेग मातीने बुजवणं बरोबर आहे, पण बुजवली म्हणजे धोका टळला, असं होत नाही. अंतर वाढत असेल तर तिथे थांबू नये.

भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर ते सगळ्यांत वाईट लक्षण. वर कुठेतरी मातीने प्रवाह अडवलेला असू शकतो आणि तो बांध फुटला की सगळं एकदम खाली येतं. ओढा पाहायला काठावर जाऊ नका.

निघायचं ते उजेडात. माळीण भल्या सकाळी गेलं, इर्शाळवाडी रात्री. ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांनी माणसं गमावली जातात. जायची जागा ओहोळाच्या तोंडाशी किंवा दुसऱ्या उताराच्या पायथ्याशी नसावी. गावची शाळा तिथेच असेल, तर शाळा हा आसरा नव्हे. लोंढा येताना दिसलाच, तर त्याच्या पुढे उतारावरून धावू नका, आडवं पळा. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पाऊस थांबला की लोक लगेच परततात. मुरलेलं पाणी मात्र अजून आतच असतं आणि एकदा घसरलेला उतार पुन्हा घसरू शकतो. तलाठी किंवा भूवैज्ञानिक पाहून जाईपर्यंत, निदान दोन-चार कोरडे दिवस जाईपर्यंत, तिथे मुक्काम नको.

इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. तिथे गाडीरस्ताही नव्हता. बचाव पथकांना रात्री पावसात डोंगर चढून जावं लागलं. म्हणून आपल्या गावाचं नाव यादीत आहे की नाही, याची वाट पाहू नका. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा: पाऊस कोण मोजणार, किती बेरजेला उतारावरची घरं रिकामी करायची, आणि त्या रात्री कोणतं कुटुंब कुणाकडे झोपायला जाणार. ही नावं पावसाच्या आधी लिहून ठेवा.