मॉरिशसला जाताय? एक दिवस मोकळा ठेवा!

संध्याकाळी सात वाजता द्वारकाला सिग्नलवर अडकलेल्या माणसाला समुद्र आठवला नाही तरच नवल! एका बाजूने मुंबई-आग्रा हायवे, दुसऱ्या बाजूने पुणे रोड, डोक्यावर उड्डाणपूल, मध्येच 'शिर्डी, शिर्डी' ओरडणारा टॅक्सीवाला आणि या सगळ्यांत आपली ॲक्टिव्हा. अशाच एका संध्याकाळी आमच्या ग्रुपने ठरवलं, बस्स झालं, यंदा बाहेर जायचंच. बाहेर म्हणजे महाबळेश्वर नव्हे. बाहेर म्हणजे बाहेर!

ग्रुप म्हणजे आम्ही पाच जण. एक बँकवाला, एक पुण्याला आयटीत असलेली आणि दर शुक्रवारी द्वारकाला बसमधून उतरणारी मैत्रीण, एक नवंकोरं लग्न झालेलं जोडपं आणि अस्मादिक. गोवा सगळ्यांचं झालेलं. थायलंड ऑफिसातले निम्मे लोक करून आलेले, त्यामुळे त्यात आता 'इम्प्रेशन' पडत नाही. मालदीवचं नाव निघालं, पण नवविवाहितेनेच ते खोडलं. "पाण्यावरच्या खोलीत पाच दिवस याचंच तोंड बघायचं असेल तर घरीच बसते की!" राहता राहिलं मॉरिशस. हनिमूनवाल्यांचं बेट म्हणून बदनाम, पण म्हटलं, बघू या तरी.

आधी हिशेब

मॉरिशस हिंदी महासागरात, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर. पण थेट विमान मिळालं तर साडेसहा तासांच्या आसपास पोहोचता येतं. सुट्टीत द्वारकाहून पुण्याला पोहोचायला कधीकधी याहून फार कमी वेळ लागत नाही! थेट फ्लाइट कोणत्या वारी आहे ते बघूनच रजा टाका, नाहीतर मधल्या कुठल्यातरी एअरपोर्टवर अर्धी रात्र काढावी लागते. घड्याळ फक्त दीड तास मागे करायचं, त्यामुळे जेट लॅगचं टेन्शन नाही.

व्हिसाची कटकटही नाही. भारतीय पर्यटकांना उतरल्यावर विमानतळावरच मिळतो, तोही फुकट. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचं दाखवता आलं पाहिजे आणि प्रवासाआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा, झालं. पासपोर्टचं म्हणाल, तर आपल्या पासपोर्टची पुस्तिका छापली जाते आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. पण म्हणून ती आपोआप घरी येत नाही. आमच्या बँकवाल्याचा पासपोर्ट कधीच एक्स्पायर झाला होता आणि हे त्याला कळलं ऐन तिकीट काढताना. दुसऱ्यांची कर्जाची कागदपत्रं तपासणारा माणूस हा!

कधी जायचं? ते बेट विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे ऋतू उलटे. आपला मे म्हणजे त्यांच्याकडे थंडीची सुरुवात, दिवाळीत तिथे उन्हाळा लागतो. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, ते टाळलेले बरे. डिसेंबरअखेर सगळं जग तिथे लोटतं आणि हॉटेलांचे दर बघून आपल्याला कोकण आवडायला लागतं. आम्ही ऑक्टोबर धरला.

पैशांचं एक लक्षात ठेवा. तिथलं चलनही रुपयाच आहे, पण त्यांच्या एका रुपयाला आपले दोनच्या आसपास मोजावे लागतात. बोर्डावरची किंमत बघून 'अरे, स्वस्त आहे की' म्हणायच्या आधी दुप्पट करायची! फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालं, पण प्रत्येक टपरीवर चालेल असं समजू नका, थोडी कॅश हवीच. एजंटकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. त्याची पावती मात्र मागून घ्या, एजंट स्वतःहून आठवण करतीलच असं नाही.

मोरस

आमच्या एजंटने पाच रात्री, सहा दिवसांचा कागद पुढे ठेवला. एक दिवस उत्तरेची टूर, एक दिवस दक्षिणेची, एक दिवस इल ओ सर्फ बेटावर वॉटर स्पोर्ट्स, एक दिवस राजधानी पोर्ट लुईमध्ये 'शॉपिंग अँड वॉटरफ्रंट' आणि एक दिवस 'लीझर'. लीझर म्हणजे हॉटेलच्या बीचवर पडा आणि फोटो काढा. आम्ही खूश होतो.

हा कागद घेऊन आम्ही बँकवाल्याच्या घरी बसलो होतो. द्वारकाजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्याची आजी असते, माहेरची रत्नागिरीकडची. तिला कौतुकाने सांगितलं, आजी, आम्ही मॉरिशसला चाललोय. ती म्हणाली, "म्हणजे मोरस का रे?"

आम्हाला कळेना. मग तिने सांगितलं, तिच्या लहानपणी गावातली म्हातारी माणसं दुकानातल्या पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस! तिकडून बोटीने साखर यायची, म्हणून बेटाचं नाव साखरेला चिकटलं. नाशिकला येऊन आजीला साठ वर्षं झाली, शब्द तेवढा राहिला. आणि मग सहज बोलल्यासारखं ती पुढे म्हणाली, "आमच्या घरातला एक जण गेला होता म्हणे तिकडे. माझ्या आजोबांचा चुलता. मुंबईला जातो म्हणाला आणि बोटीवर चढला. पुढे काही कळलं नाही."

तो मॉरिशसलाच गेला की आणखी कुठे, हे आजीला ठाऊक नाही. पण त्या रात्री आम्ही हॉटेलांचे रिव्ह्यू सोडून भलतंच काही वाचत बसलो.

बोटीतून उतरलेली माणसं

मॉरिशस तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. १८३५ मध्ये तिथे गुलामी संपली, पण उसाच्या मळ्यांना राबायला माणसं हवीच होती. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. करार म्हणजे 'ॲग्रीमेंट', त्याचंच झालं गिरमिट. पाच वर्षांचा करार, पुरुषाला पगार महिना पाच रुपये. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. काहींना तिथून पुढच्या देशांत पाठवलं, पण बहुतेक तिथलीच झाली. सगळ्यांत जास्त बिहारकडची, पण मुंबई बंदरातूनही बोटी सुटायच्या. त्यांत मराठी माणसं होती, बरीचशी कोकणातली.

तो धक्का आजही आहे. आप्रवासी घाट त्याचं नाव, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. १८४९ साली उभारलेल्या त्या डेपोत माणसांना एक-दोन दिवस ठेवून मग मळ्यांवर वाटायचे. बोटीतून उतरून ज्या सोळा पायऱ्या चढायच्या, त्या अजून शाबूत आहेत. आणि गंमत बघा, एजंटच्या कागदावरच्या त्या शॉपिंगच्या वॉटरफ्रंटपासून हा घाट चालत जाण्याइतका जवळ! कागदावर मात्र त्याचा उल्लेख नाही. ल मॉर्न डोंगराचंही तसंच. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी ज्या कड्यांचा आसरा घेतला, तो डोंगर २००८ साली जागतिक वारसा झाला. आमच्या पॅकेजमध्ये तो आहे 'फोटो स्टॉप, वीस मिनिटं'.

अख्ख्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक शहराहून कमी. त्यात मराठी मूठभर. पण गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते! हेन्रिएटा गावात १८९६ साली पहिला गणपती बसला, असं तिथे सांगतात. घरात, रस्त्यावर सगळे क्रिओल बोलतात. तरी सरकारी शाळांत मराठी हा विषय घेता येतो आणि सरकारी रेडिओवर मराठी कार्यक्रम लागतात. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' झाली आणि अजून नाचली जाते. मोका इथे एप्रिल २०२३ मध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. नाशिककरांसाठी आणखी एक: डोंगरातल्या गंगा तलावाला तिथले लोक तेरावं ज्योतिर्लिंग मानतात आणि महाशिवरात्रीला लाखो माणसं चालत जातात. त्र्यंबकेश्वराच्या शेजारी राहून आपल्याला याचा पत्ता नाही!

खाण्याचंही तेच. बोर्डावर फ्रेंच नाव वाचून आपण बिचकतो, पण 'गातो पिमां' म्हणजे चक्क डाळवडा. रस्त्यावरची डाळपुरी तर तिथला वडापाव. शाकाहारी मंडळींनी डब्यात ठेपले भरून न्यायची काहीही गरज नाही.

मोक्याचं कपाट

मोक्याला महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. या मजुरांची दप्तरं तिथे जपून ठेवली आहेत. प्रत्येकाला एक नंबर, पुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. १८६० च्या दशकापासून तर फोटोही. तिथली माणसं आपल्या पणजोबांचा नंबर शोधत या दप्तरांकडे येतात, गावाचं नाव मिळालं की कागद घेऊन महाराष्ट्रात येतात. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं स्पेलिंग, त्यामुळे गाव सापडेलच याची खात्री नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या होत्या, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड मिळू शकेल, अशी घोषणा झाली. म्हणजे आता त्या जुन्या नोंदींना आणखी वजन आलं.

आमचं काम उलटं आहे. आमच्याकडे गाव आहे, नंबर नाही. बोटीचं नाव नाही, साल नाही. आयटीवालीने स्पष्टच सांगितलं, "डेटाच नाहीये तुमच्याकडे, सर्च काय करणार?" बरोबर आहे तिचं. एवढ्या लाखांतून एक गोविंद शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीतही सुई सोपी. शिवाय रजा मोजून मिळालेली, पैसे ईएमआयच्या पोटातून काढलेले. एक पूर्ण दिवस घालवून हाती काही लागलं नाही तर? नवविवाहित जोडप्यात यावरून चक्क अबोला झाला. त्याला इल ओ सर्फचं पॅरासेलिंग सोडवत नव्हतं, तिला पायऱ्या बघायच्या होत्या. शेवटी 'लीझर' कापला, पॅरासेलिंग वाचलं.

तर आमचा गुरुवार असा आहे. सकाळी मोका, आधी ईमेल करून वेळ विचारून. दुपारी पोर्ट लुईच्या बाजारात डाळपुरी, मग आप्रवासी घाट. दोन्ही सरकारी जागा, त्यामुळे शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका. संध्याकाळी जमलं तर कास्कावेल. टॅक्सी दिवसभराची ठरवायची आणि भाडं आधी बोलून घ्यायचं. तिथे मीटरवर विसंबू नका असं जाऊन आलेले सगळेच सांगतात.

एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुम्हाला काहीच 'कव्हर' होणार नाही हं, नंतर तक्रार नको." त्याला म्हटलं, चालेल.

बँकवाल्याचा नवा पासपोर्ट परवा आला. आजीने त्याच्या कव्हरमध्ये वहीच्या कागदाची एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. त्यावर गावाचं नाव, तालुका राजापूर आणि खाली 'गोविंद, बाळाचा भाऊ'. आडनाव तिला लिहायचं सुचलं नाही, की तेव्हा ते लावतच नव्हते, हे अजून विचारायचं राहिलंय.