दोर तुटला तर चालेल, हुक नको! ग्लायडर ओढण्यामागचं गणित

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, काळ्या रानात ट्रॉली रुतली. दुसऱ्या ट्रॅक्टरची साखळी लावली. ड्रायव्हरने साखळी ढिली असतानाच झपकन ट्रॅक्टर पुढे घेतला आणि ट्रॉलीचा हुक तुटून माझ्या डोक्याजवळून गेला. हळू ओढलं असतं तर तोच हुक टिकला असता. असं का?

याचा सगळ्यात काटेकोर विचार झालाय तो ग्लायडरच्या बाबतीत. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पुण्यात हडपसरला ते विंचने वर खेचतात. अनेक देशांत मात्र दुसरं छोटं विमान त्याला साधारण ५० मीटर दोराने ओढत वर नेतं.

५०० किलोचं ग्लायडर धरा. हवेचा विरोध साधारण १५ किलो. ताशी ११० किमी वेगाने जाताना सेकंदाला ३ मीटर चढायचं, तर वजनाचा दहावा भाग, म्हणजे ५० किलो. एकूण ओढ फक्त ६५ किलो! सिमेंटची सव्वा गोणी.

तरीही अमेरिकेचा नियम म्हणतो, दोर ग्लायडरच्या कमाल वजनाच्या निदान ८० टक्के ताण सोसणारा हवा. कारण झटका. हवेच्या हेलकाव्यात दोर ढिला पडतो आणि पुन्हा ताणला जातो. तेव्हा दोघांच्या वेगात सेकंदाला ४ मीटरचा फरक असेल आणि दोर १ मीटर ताणून तो मिटला, तर झटका सुमारे ८०० किलोचा. दोर ५ मीटर ताणला तर १६० किलोच. साखळी ताणतच नाही. आमचा हुक तिथेच गेला.

गंमत म्हणजे नियमाला वरची मर्यादाही आहे. दोर वजनाच्या दुपटीपेक्षा मजबूत असेल, तर दोन्ही टोकांना ‘वीक लिंक’ लावायची, म्हणजे ठरलेल्या ताणाला तुटणारा कच्चा दुवा. जर्मनीच्या टोस्ट कंपनीचे दुवे रंगावरून ओळखतात: काळा सुमारे १००० किलो, निळा ६००, पांढरा ५००. हुक याहून पक्का असतो. विमानाकडचा दुवा ग्लायडरकडच्यापेक्षा मजबूत, पण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ग्लायडरकडचा आधी तुटला की दोर ग्लायडरच्या नाकाला लोंबकळत नाही.

मात्र ग्लायडर अचानक फार वर गेलं, तर पुढच्या विमानाची शेपटी उचलली जाते. त्याला एवढा ताण लागतही नाही, दुवा शाबूत राहू शकतो. तिथे पायलटने खटका ओढून दोर सोडणं हाच इलाज.

आम्ही आता नायलॉनचा पट्टा वापरतो. तोही आधी सावकाश ताणून घेतो, कारण लवचिक पट्टा तुटला तर साखळीपेक्षा जोरात उलटा येतो. पोरांना लांब उभं करतो.