बाळंतीण गेली, वेळ कुठे गेला?

गावात 15 ते 49 वर्षांची कुठलीही बाई दगावली की आशाताईंनी चोवीस तासांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं असतं. कारण काहीही असो, अगदी साप चावून गेली असली तरी. नाहीतर गर्भपातानंतर गेलेली बाई ‘पोटात दुखून गेली’ एवढ्यावरच विसरली जाते. म्हणून आधी सगळे मृत्यू कळवायचे आणि त्यांतला मातामृत्यू कोणता, हे मग तपासायचं.

गरोदरपणात, किंवा बाळंतपण वा गर्भपात झाल्यापासून 42 दिवसांत, गरोदरपणाशी संबंधित कारणानं आलेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. अपघात त्यात धरत नाहीत. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, त्याच्या जवळपासच हे 42 दिवस येतात.

त्यानंतर सुरू होतं ते माता मृत्यू अन्वेषण. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर तिथले डॉक्टर केसपेपरवरून माहिती भरतात. पण सगळ्यात जास्त कळतं ते घरी गेल्यावर. तिघांचं पथक सासूजवळ, नवऱ्याजवळ, सोबत गेलेल्या जावेजवळ बसतं आणि विचारत जातं. कळा केव्हा सुरू झाल्या? 108 ला फोन कुणी केला, गाडी किती वाजता आली? पहिल्या दवाखान्यातून पुढे पाठवताना चिठ्ठी दिली होती का? वार पडल्यावर किती कपडे भिजले? रक्ताची पिशवी प्रत्यक्ष केव्हा लागली?

कागदावर कारण लिहिलेलं असतं ‘प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव’. ते खरं असतं, पण अपुरं असतं. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेलं की धोका सुरू होतो, आणि धडधाकट बाईसुद्धा काही तासांत हातची जाऊ शकते. अंगात आधीच रक्त कमी असेल तर तेवढाही अवधी मिळत नाही. म्हणून खरा प्रश्न असतो वेळ कुठे गेला हा. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी 1994 मध्ये या उशिराचे तीन टप्पे सांगितले: घरातून निघायचं ठरवण्यात, दवाखान्यात पोचण्यात, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात. तिसरा उशीर घरच्यांच्या माथी मारता येत नाही, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. नोंदणी आणि तपासण्या सासरच्या गावात, मृत्यू माहेरच्या तालुक्यात. दोन्हीकडची माहिती जुळवली नाही तर सातव्या महिन्यात वाढलेला रक्तदाब कुणाच्याच कागदावर दिसत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईचंही तेच.

सगळी कागदपत्रं जिल्ह्याच्या समितीपुढे जातात, आणि निवडक प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांपुढे. तिथे मृत बाईच्या नातेवाइकांनाही बोलावतात. तत्त्व असं, की नाव घ्यायचं नाही, दोषही द्यायचा नाही. काहींना हे अन्यायाचं वाटतं. मला ते पटतं, कारण शिक्षेची भीती असली की केसपेपरवरच्या वेळा बदलतात. मात्र समितीत कळलेलं बाळंतपणाच्या खोलीतल्या नर्सपर्यंत परत पोचलं नाही, तर एवढी चौकशी फुकट जाते.

केरळनं ते पोचवलं. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सरकारच्या साथीनं 2004 पासून नावं गुप्त ठेवून प्रत्येक मृत्यूचा अभ्यास सुरू केला, त्यावरून रक्तस्राव हाताळायच्या पद्धती ठरवल्या आणि डॉक्टर-नर्सना त्या शिकवल्या. 2018-20 च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे केरळात 19 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33, देशात 97.

तुमच्या ओळखीच्या घरी असं पथक आलं तर दार लावू नका. माता-बाल संरक्षण कार्ड, रिपोर्ट, फोनमधल्या कॉलच्या वेळा जपून ठेवा आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगा.