धुराचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : डॉ. गुफरान बेग

हिवाळ्यात फजरची नमाज आटोपून दौंड किंवा शिरूर तालुक्यातल्या एखाद्या गावात मशिदीबाहेर यावे, तर उसाच्या फडावर धुराचा पट्टा आडवा पसरलेला दिसतो. कुठे रात्री पेटवलेले पाचट, कुठे गुऱ्हाळाचे चुलाण, कुठे अंघोळीच्या पाण्याचा बंब. घरात आजी खोकत असते, लहानग्याची छाती घरघरत असते. ‘थंडी बाधली’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

त्या पट्ट्यात नेमके काय असते, ते किती असते आणि उद्या किती असेल, हे मोजण्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घातली, अशा एका शास्त्रज्ञाची ओळख या महिन्यात आम्ही वाचकांना करून देत आहोत. त्यांनी जिथे काम केले ती संस्था फार दूर नाही. दौंडहून रेल्वेने पुण्याला जायचे, अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर, आणि तिथून पाषाणला. 1962 साली स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था ती हीच.

डॉ. गुफरान उल्लाह बेग यांचे सुरुवातीचे संशोधन जमिनीपासून फार उंचावरचे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत असताना, साधारण 50 ते 85 किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेचा त्यांनी अभ्यास केला. पुढे पुण्यात आल्यावर देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन त्या थरातील तापमानाच्या नोंदी त्यांनी एकत्र तपासल्या. हा आढावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक नवल आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की आपल्याकडची हवा तापते, पण तिकडे वरची हवा थंड होते, कारण तिथे हाच वायू उष्णता अवकाशात फेकून देतो. माणसाने केलेल्या बदलाचा ठसा इतक्या उंचीवरही उमटतो, हे या कामातून पुढे आले. विज्ञानातील मानाचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही त्यांना मिळाला.

असा माणूस वरच्या आकाशातच रमला असता तर कोणी बोल लावला नसता. बेग मात्र खाली, आपण श्वास घेतो त्या हवेकडे वळले. 2010 साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या, तेव्हा त्यांच्या नेतृत्वाखाली ‘सफर’ ही यंत्रणा उभी राहिली. आज हवा कशी आहे आणि पुढचे दोन-तीन दिवस कशी राहील, हे ती रंगांच्या खुणांनी सांगते. पुण्यात ती 2013 मध्ये, मुंबईत 2015 मध्ये आणि अहमदाबादेत 2017 मध्ये सुरू झाली. यासाठी नुसती यंत्रे पुरत नाहीत. धूर येतो कुठून, याची आधी मोजदाद लागते. गाड्या किती, चुली किती, हॉटेलांच्या भट्ट्या किती, कचरा कुठे जळतो, याची नोंद घेत विद्यार्थ्यांची पथके रस्तोरस्ती आणि वस्त्यांमधून हिंडली. घरोघरच्या धुराचा असा हिशेब मांडला, तेव्हा अंदाज सांगता येऊ लागला.

हवेत तरंगणाऱ्या या बारीक कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. त्यातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहून बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. आपल्या देशात यांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 5 सुचवली आहे.

हवामानावरही हे कण परिणाम करतात. काजळी ऊन शोषून हवा तापवते. गंधकाचे कण ऊन परतवून गारवा आणतात. 1991 मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी उसळला, तेव्हा पुढच्या वर्षी साऱ्या पृथ्वीचे तापमान सुमारे अर्धा अंश उतरले होते. मात्र एक गोष्ट दिलासा देणारी आहे. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे हवेत राहतो, तर चुलीची काजळी काही दिवसांतच खाली बसते किंवा पावसाने धुऊन जाते. म्हणजे आज धूर थांबवला, तर त्याचा फायदा आपल्याच हयातीत, आपल्याच मुलांना होतो.

पुण्याची मापन केंद्रे शहरात आणि लगतच्या भागात आहेत. दौंड-शिरूरच्या शिवारातला धूर आपला आपणच ओळखायचा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे भांड्यावर झाकण ठेवावे तसा धूर खालीच कोंडतो. अशा पहाटे म्हाताऱ्या माणसांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ऊन वर आल्यावरच फिरायला निघावे. गॅस घरात असूनही सिलिंडर वाचवण्यासाठी चूल पेटते, तेव्हा सर्वांत जास्त धूर स्वयंपाक करणाऱ्या आयाबहिणी आणि त्यांच्या कडेवरची लेकरे गिळतात. घरखर्चात काटकसर करताना हाही खर्च धरायला हवा. पाचट पेटवण्याऐवजी सरीत पसरून कुजवावे. एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू टाकले, की त्याचे खत होते आणि ओलही टिकते.

आणखी एक सांगायचे आहे. आपल्या घरांत विज्ञान शाखा म्हटले की डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढेच डोळ्यांसमोर येते. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाशविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथून पाषाणची संस्था जवळच आहे. आजीच्या खोकल्याचे कारण विचारणारी एखादी मुलगी आपल्याही घरात असेल. तिला ‘गप्प बस’ म्हणू नये. तिच्या हाती वही द्यावी आणि गल्लीत धूर कुठून कुठून निघतो, याची यादी करायला सांगावी. बेग यांच्या पथकांनीही सुरुवात अशाच यादीने केली होती.